मदत हवी आहे: मुलीचं आडनाव बदलायचंय, वडिलांचं नाव तेच ठेवून

नमस्कार मंडळी, कोथरूडला राहते. पहिले मिस्टर वारले, आता दुसरं लग्न झालंय. घरात आम्ही दोघं, माझी आठवीतली मुलगी, ह्यांचा मुलगा आणि माझ्या आधीच्या सासूबाई, त्या आमच्याकडेच असतात आणि त्यांचाही याला पूर्ण पाठिंबा आहे. मुलीलाच वाटतंय की आडनाव घरातल्यांसारखं असावं पण वडिलांचं नाव तिच्या बाबांचंच राहावं, आणि मला ते अगदी योग्य वाटतं, म्हणून दत्तकविधान नकोय.

सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये म्हटलंय की वडील गेल्यावर आई, दुसरं लग्न केलं तरी, मुलाचं आडनाव ठरवू शकते. ती निकालाची प्रत शाळेत दिली तरी ऑफिसात "दत्तकपत्र आणा" एवढंच उत्तर. महापालिकेचा जन्मदाखला, मृत्यूदाखला, लग्नाचं सर्टिफिकेट, आधार सगळं तयार आहे. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मआधी हे व्हायलाच हवं, नाहीतर मार्कशीटवर जुनंच नाव येईल. कोर्टात जायची तयारी आहे पण तो शेवटचा पर्याय.

पुण्यात कोणी फक्त आडनाव बदललंय का? आधी गॅझेट करायचं की जन्मदाखला, आणि शाळेच्या रजिस्टरसाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज शाळेने करायचा की पालकांनी?