एक्सफॅटसाठी एकाच नावाची दोन टूल्स, पार्टिशन टूलने कोणतं धरायचं?

बिटवाला:
लिनक्सवर जीपार्टेडसारखंच पण खूप लहान असं एक पार्टिशन टूल (डिस्कचे भाग पाडून ते फॉरमॅट करणारं) लिहितोय, एक्सटी४ आणि फॅट३२ या फाइलसिस्टिम व्यवस्थित चालतायत पण एक्सफॅट या फाइलसिस्टिमला (पेनड्राइव्ह, मेमरी कार्डवर असते ती) येऊन अडकलोय. एक्सफॅट-युटिल्स (जुनं) आणि एक्सफॅटप्रोग्ज (नवं) ही दोन वेगळी पॅकेजेस आहेत आणि फॉरमॅटसाठी दोन्ही एमकेएफएस.एक्सफॅट याच नावाची कमांड देतात, पण ऑप्शन मात्र वेगळे. लेबलसाठी जुन्याला स्मॉल एन लागतो, नव्याला कॅपिटल एल. क्लस्टर साइज (फाइलला जागा ज्या तुकड्यांत मिळते त्यांचा आकार) जुन्यात सेक्टरमध्ये द्यायची, नव्यात सरळ १२८के असं लिहायचं. मी फक्त त्या नावाची कमांड पाथमध्ये, म्हणजे मशीनवर, आहे का एवढंच बघत होतो, आणि जुनं पॅकेज असलेल्या मशीनवर पार्टिशन तर तयार झालं पण फॉरमॅट फेल, म्हणजे पार्टिशन टेबलात (डिस्कवरच्या भागांच्या यादीत) नोंद आहे आणि आत फाइलसिस्टिमच नाही. दोन्ही सपोर्ट करू का एकच?

सेक्टर५१२:
एकच कर, एक्सफॅटप्रोग्ज. ते लिनक्स कर्नलमधला (सिस्टिमच्या गाभ्यातला) एक्सफॅट ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचंच आहे, तो ड्रायव्हर २०२० मध्ये कर्नल ५.७ ला नव्याने आला. जुनं पॅकेज फ्यूजच्या काळातलं, म्हणजे ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर चालायचा तेव्हाचं. डेबियनने तर ११ च्या रिलीज नोट्समध्येच सांगितलंय की दोन्ही एकत्र इन्स्टॉल होत नाहीत, नव्यावर या. जीपार्टेडनेही १.३.० मध्ये एक्सफॅट घेतलं ते याच्याच भरवशावर. दोन्ही घेतलीस तर प्रत्येक टेस्ट दोनदा, आणि डिस्कच्या कामात न तपासलेला कोड ठेवणं मला तरी पटत नाही.

रूटप्रॉम्प्ट:
एकच कर हे ठीक, पण नावावर विश्वास ठेवू नकोस, खरा मुद्दा तो आहे. कमांडला कॅपिटल व्ही देऊन विचार तू कोण. एक्सफॅटप्रोग्ज स्वतःचं नाव सांगतं, जुनं एमकेएक्सफॅटएफएस म्हणतं. हे प्रोग्राम सुरू होतानाच कर, पार्टिशन टेबलला हात लावायच्या आधी, म्हणजे तुझ्याकडे झालं तसं अर्धवट काही राहणार नाही. आणि प्रत्येक कामासाठी वेगळं विचार: फॉरमॅट, तपासणी, लेबल बदलणं. लेबलसाठी ट्यून.एक्सफॅट वापर, ते फक्त नव्यातच आहे त्यामुळे गोंधळच नाही. एक्सफॅटलेबल मात्र दोन्हीकडे आहे, त्याच्या नादी लागू नकोस. पार्टिशन कॉपी केल्यावर दोघांचा सीरियल नंबर एकच राहतो, तोही ट्यून.एक्सफॅटनेच बदलता येतो, फक्त अगदी जुन्या आवृत्तीत ती सोय नाही म्हणून आवृत्तीही बघ. आउटपुट वाचणार असशील तर कमांड सी लोकॅलमध्ये (भाषेची सेटिंग साधी इंग्रजी ठेवून) चालव.

आणि नुसतं लेबल, यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) दाखवायला यातलं काहीच लागत नाही, लिबब्लकआयडी ही लायब्ररी सरळ डिस्कवरून वाचते. म्हणजे जुनं पॅकेज असलेल्यालाही निदान बघता तरी येईल, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण लोक निम्म्या वेळा टूल उघडतात ते फक्त कुठलं पार्टिशन कुठलं हे बघायला.

सेक्टर५१२:
हे बरोबर, ब्लकआयडीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. फक्त जुनं सापडलं तर बटण नुसतं बंद ठेवू नकोस, कारण लिही, "एक्सफॅटप्रोग्ज हवं" एवढं तरी. नाहीतर माणूस म्हणतो मी तर पॅकेज टाकलंय, मग चालत का नाही.

बिटवाला:
केलं. आता सुरुवातीलाच ओळख विचारतो, एक्सफॅटप्रोग्ज नसेल तर बदल करणारी बटणं बंद आणि खाली पॅकेजचं नाव. जुन्या मशीनवर परत चालवून पाहिलं, लेबल दिसतंय आणि टेबलला हात लागत नाही. रिसाइझ मात्र दोन्ही पॅकेजेसमध्ये नाहीच, तर ते एक्सफॅटला कायमचं बंद ठेवतोय. आता हीच ओळख तपासायची पद्धत माझ्या कोडमधल्या फॅटच्या फाइललाही लावतोय, तिथेही मी नुसतं नावच बघत होतो.