'मॅजिक फ्लूट' बघायच्या आधी मोझार्टच्या फ्रीमेसनरीबद्दल काय ऐकू, काय वाचू?

रेवा_नाशिक
नमस्कार मंडळी, थोडी मदत हवीये. मुलगी जर्मनीत असते, डिसेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय आणि तिने मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'ची तिकिटं काढून ठेवलीयेत. मी आयुष्यभर नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकत आले, ऑपेरा एकही पूर्ण ऐकलेला नाही. गोष्ट वाचली तर डोकं चक्रावलं, सुरुवातीला साप, मग पिसांचे कपडे घातलेला पक्षी पकडणारा माणूस, मग अचानक इजिप्तचं देऊळ आणि पुजारी, आणि जी राणी बिचारी वाटत होती तीच दुष्ट निघते. मुलगी म्हणते हे सगळं फ्रीमेसन लोकांचं (दीक्षा घेऊन सभासद होणारं एक बंधुमंडळ) आहे, मोझार्ट स्वतः मेसन होता, ते कळलं की गोष्ट कळते. नेटवर शोधलं तर निम्मे व्हिडिओ 'मेसननी मोझार्टला मारलं' असलेच. तर आधी काय ऐकू, कुठलं रेकॉर्डिंग घेऊ, आणि या मेसन प्रकरणात खरं किती? जाणकारांनी कृपया सांगा.

जुना_श्रोता
रेवाताई, फार छान प्रश्न विचारलात. ऑपेराला हात लावायच्या आधी एक सहा-सात मिनिटांची रचना ऐका, 'मेसॉनिक फ्युनरल म्युझिक', के ४७७ (मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). नोव्हेंबर १७८५ मध्ये लॉजमधले (म्हणजे मेसन मंडळाच्या शाखेतले) दोन उमराव बंधू वारले त्यांच्या शोकसभेत वाजलेली. सी मायनर या उदास छटेच्या स्वरपट्टीत आहे, बॅसेट हॉर्न नावाचं क्लॅरिनेटच्या घरातलंच पण जरा खालच्या, धुरकट आवाजाचं वाद्य आहे त्यात, मध्येच चर्चमधली एक जुनी धून येते, आणि शेवटचा स्वरमेळ एकदम मेजरमध्ये, म्हणजे उजळ छटेत, उघडतो. अंधारातून उजेडात जाणं ही मेसन दीक्षेची मूळ कल्पना, ती त्या एका स्वरमेळात आहे. मॅजिक फ्लूट हीच वाट तीन तास चालतं.

आता माणसाबद्दल. मोझार्ट १४ डिसेंबर १७८४ ला व्हिएन्नात 'परोपकार' अशा अर्थाच्या नावाच्या एका छोट्या लॉजमध्ये दाखल झाला, तेव्हा वय २८. त्या काळातली लॉज म्हणजे गुप्त कट करणारी टोळी असं डोळ्यासमोर आणू नका. व्हिएन्नातले शास्त्रज्ञ, लेखक, अधिकारी, उमराव, व्यापारी तिथे एका बाकावर बसून एकमेकांना 'बंधू' म्हणायचे. साल्झबर्गच्या आर्चबिशपकडे ज्या माणसाला नोकरचाकरांच्या पंगतीत जेवायला बसवत होते त्याला हे केवढं वाटलं असेल बघा. पुढच्याच वर्षी वडील लिओपोल्ड व्हिएन्नाला आले तर तेही मेसन झाले, संगीतकार हेडनही त्याच वर्षी फेब्रुवारीत झाला.

आणि हे त्याच्या आयुष्यात किती खोल गेलं ते बघायचं तर वडिलांना लिहिलेलं ४ एप्रिल १७८७ चं पत्र शोधून वाचा. वडील आजारी असल्याचं कळलंय आणि ३१ वर्षांचा मुलगा लिहितो की मृत्यू हेच आयुष्याचं खरं ध्येय आहे, मी या खऱ्या मित्राशी इतकी ओळख करून घेतलीये की त्याची भीती तर वाटत नाहीच, उलट शांत वाटतं. 'तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतोय' असंही मध्ये आहे, म्हणजे एक मेसन दुसऱ्या मेसनशी बोलतोय. मे महिन्यात वडील गेले. मी ते पत्र माझे वडील गेले त्या वर्षी वाचलं, तेव्हापासून ही माणसं मला परकी वाटत नाहीत.

पियानोवाली
जुना_श्रोता +१. संगीतातलं थोडं मी सांगते. तीन हा आकडा धरून बसा. ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचं वाद्यसंगीत, ई फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे लिहिताना तीन फ्लॅट (कोमल स्वरांच्या खुणा). मध्यावर सगळं थांबतं आणि स्वरमेळ तीन-तीनदा ठोठावतात, लॉजच्या दारावर थाप मारल्यासारखे, तेच नंतर देवळातही येतात. राणीच्या तीन दासी, वाट दाखवणारी तीन मुलं, तीन देवळं. मग मौनाची परीक्षा, अग्नी आणि पाण्याची परीक्षा. पण हे मोजत बसाल तर मजा जाईल, एकदा कानावर पडलं की पुरे.

आणि रेवाताई, नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला हा प्रकार अजिबात अवघड जाऊ नये!! याला जर्मनमध्ये झिंगश्पील म्हणतात, गद्य संवाद आणि मध्येमध्ये पदं, आपलं संगीत नाटकच की. दरबारी थिएटरात नाही, ३० सप्टेंबर १७९१ ला व्हिएन्नाच्या उपनगरातल्या थिएटरात पहिला प्रयोग झाला, साध्या लोकांच्या भाषेत. संहिता लिहिणारा शिकानेडर हा त्या थिएटरचा चालक आणि तोच पापागेनो, म्हणजे तो पक्षी पकडणारा, झाला होता.

चिनार_१९
मला वाटतं मेसनरीचं जरा जास्तच होतंय. व्हिएन्नाच्या उपनगरात तेव्हा जादूची, परीकथेची नाटकं जोरात चालायची, शिकानेडरला तसलंच खेळणं हवं होतं. साप, जादूची घंटा, उडणारी मुलं हे सगळं तिथलं. देवळाचा मुख्य पुजारी सारास्त्रो म्हणजे इग्नाझ फॉन बोर्न हा मेसन शास्त्रज्ञ आणि राणी म्हणजे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा, असं कोडं सोडवल्यासारखं बरेच जण लिहितात, मला ते पटत नाही. रेवाताई, पापागेनोवर प्रेम करा. त्याला ना मौन जमत ना परीक्षा, त्याला जेवण, वाईन आणि बायको हवी, आणि ती त्याला मिळते.

जुना_श्रोता
चिनार, कोड्याबद्दल सहमत. पापागेनोबद्दलही. पण मोझार्टने ते देवळातले प्रसंग मनापासून लिहिलेत यात मला शंका नाही. ऑक्टोबर १७९१ मधलं बायकोला लिहिलेलं पत्र आहे, बॉक्समध्ये शेजारी एक ओळखीचा माणूस बसला होता तो गंभीर प्रसंगांनाही हसत होता, मोझार्टने आधी त्याचं लक्ष वेधायचा प्रयत्न केला, शेवटी त्याला 'पापागेनो' म्हणून तिथून उठून गेला. दुसऱ्या पत्रात लिहितो की टाळ्यांपेक्षा मला ती निःशब्द दाद सगळ्यात आवडते.

अनुप्रास
'मारलं' या भानगडीवर वेळ घालवू नका. लॉजची गुपितं फोडली म्हणून मेसननी विष दिलं म्हणे. अहो, मोझार्टची शेवटची पूर्ण झालेली रचना लॉजसाठीच लिहिलेला छोटा कंटाटा (गायक आणि वाद्यवृंदासाठीची रचना) आहे, के ६२३, नोव्हेंबर १७९१ मध्ये लॉजच्या नव्या सभागृहासाठी, आणि तो त्याने स्वतः उभं राहून सादर करवला. ५ डिसेंबरला तो गेला. नंतर लॉजने त्याच्यासाठी शोकसभा घेतली, भाषण छापलं, आणि तोच कंटाटा छापून पैसे बायको-मुलांना दिले. संहिता लिहिणारा शिकानेडर पुढे १८१२ पर्यंत जगला! सालिएरी या संगीतकाराने विष दिलं म्हणतात त्याचंही तसंच, ऑक्टोबरात मोझार्टने त्याला स्वतः हा ऑपेरा दाखवायला नेलं होतं आणि प्रत्येक गाण्याला तो 'ब्राव्हो' म्हणत होता असं मोझार्टच लिहितो.
पैशाच्या अडचणीतही लॉजबंधूच कामी आला, कापडाचा व्यापारी पुखबर्ग. १७८८ पासून त्याच्याकडे उसने मागणारी वीसेक पत्रं शिल्लक आहेत. वाचवत नाहीत, पण वाचा.

म्युनिककर_मराठी
रेकॉर्डिंगचं सांगतो. कार्ल ब्योमचं १९६४ चं, बर्लिन फिलहार्मोनिक, राजपुत्र टामिनोच्या भूमिकेत फ्रिट्झ वुंडरलिख. राणीची मुलगी पामिना हिचं चित्र बघून त्याने गायलेलं पहिलं गाणं एकदा ऐकाच, इतका सरळ, स्वच्छ लागलेला आवाज मी दुसरा ऐकला नाही. क्लेम्पररचंही १९६४ चं चांगलंय, राणी लुसिया पॉप, पण त्यात गद्य संवादच नाहीत, नवीन माणसाला गोष्ट कळणार नाही. बघायला लंडनच्या रॉयल ऑपेराचा २००३ चा प्रयोग घ्या, डायना डामराऊ राणी आहे.

राणीचं दुसरं गाणं तुम्ही बहुतेक ऐकलं असेल, आणि एक गंमत सांगतो, व्हॉयेजर यानाबरोबर १९७७ मध्ये जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तिच्यावर हेच गाणं आहे आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो, सारास्त्रोचे पुजारी बायकांबद्दल जे बोलतात ते आणि सारास्त्रोचा नोकर मोनोस्टाटोस याच्या काळ्या रंगावरून जे आहे ते कानाला खटकतंच.

रेवा_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री के ४७७ ऐकलं. एकदा झालं, मग ह्यांना हाक मारली आणि परत लावलं. शेवटचा तो स्वर उघडला तेव्हा दोघंही काही बोललो नाही. ते बायकांबद्दलचं वाचून मात्र वाईट वाटलं. संहिता आधी वाचून जाऊ का तिथेच रंगमंचाच्या वर भाषांतर दिसतं त्या पट्टीवर वाचू?

पियानोवाली
आधी वाचून जा ताई. म्हणजे दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे दोन चिलखतवाले येतात तेव्हा पट्टीकडे बघावं लागणार नाही. कॅथलिक व्हिएन्नाच्या रंगमंचावर ते दोघं मार्टिन ल्यूथरच्या एका जुन्या भजनाची चाल गातात, संथ, सरळ, खाली वाद्यवृंद चालत राहतो, पुन्हा सी मायनर, तुम्ही काल ऐकलंत तोच. मग आतून पामिनाची हाक येते. ज्या लॉजमध्ये बाईला प्रवेश नव्हता तिथला हा मोझार्ट तिला टामिनोबरोबर परीक्षेला आत घेतो, आणि ते पहारेकरीच म्हणतात की जी रात्रीला आणि मरणाला भीत नाही ती दीक्षेला योग्य आहे. ती टामिनोचा हात धरते आणि सांगते, मी नेते तुला.