आईच्या नावाने मदत जमवताना

ताई, आईच्या वर्षश्राद्धाला मोठी पंगत न घालता हॉस्पिससाठी पैसे जमवायचे म्हणताय, मला फार पटलं. बांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातले पेशंट सांभाळतंय, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं सेंटर १९९७ चं, दोन्हीकडे पेशंटकडून पैसे घेत नाहीत.

आपल्या जळगावकडे गंधमुक्तीला, वर्षश्राद्धाला जो तो टोपी-टॉवेल घेऊन येतो, आमच्या अप्पांच्या वेळी कपाटाचा आख्खा कप्पा भरला आणि त्यातली एक टोपी कोणी घातली नाही, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमध्येच स्पष्ट लिहा की काही आणू नका, द्यायचं ते संस्थेला द्या. पैसे थेट संस्थेच्या खात्यावर जाऊ द्या, तुमच्या फोनपेवर नकोच, भाऊबंदकीत पैशाचा विषय निघाला की कुजबुज सुरू होते, आणि पावतीही ज्याच्या त्याच्या नावाने निघते. संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळण्याची नोंदणी, आहे का विचारून घ्या, पण २,००० च्या वर रोख दिली तर सूट नाही आणि नव्या टॅक्स रिजीममध्ये तर ती सूटच नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगा.

गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र घरी एक वही ठेवा. पदराच्या गाठीतून पन्नासची नोट काढून देणाऱ्या आजीचं नावही त्यात आलंच पाहिजे, माझ्या मते तिची नोट सगळ्यात मोठी.

आणि संस्थेला आधी फोन करा, कधी कधी पैशापेक्षा डायपर नाहीतर पाठीला जखमा होऊ नये म्हणून एअरबेड जास्त लागतात.