गेटवरच्या कॅमेऱ्यात रात्री चालणाऱ्याचा चेहरा पुसट येतो – शटर किती ठेवावं?

प्रश्न: सोसायटीच्या गेटवर ४ मेगापिक्सेलचा बुलेट कॅमेरा आहे, २.८ मिमी लेन्स, ३ मीटर उंचीवर. दिवसा चित्र स्वच्छ. रात्री उभा माणूस ओळखू येतो, चालता माणूस फासल्यासारखा दिसतो. मोटरसायकल आली की हेडलाइटमुळे सगळं पांढरं. सध्या शटर (एका फ्रेमसाठी प्रकाश घेण्याचा वेळ) १/२५ सेकंद, गेन (सिग्नल वाढवून चित्र उजळवणं) १००, डब्ल्यूडीआर (उजेड आणि अंधार दोन्ही एका चित्रात सांभाळणारी सोय) चालू, नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे पुसणारी सोय) ८०. डावीकडे पांढरी भिंत अगदी जवळ आहे. काय बदलू?

उत्तर १: मूळ दुखणं शटरचं. ताशी ५ किमीने चालणारा माणूस १/२५ सेकंदात साडेपाच सेंटिमीटर सरकतो, म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीचा जवळपास तिसरा हिस्सा. १/१०० वर हेच दीड सेंटिमीटरच्या आत येतं. एक्स्पोजर ऑटोवरून मॅन्युअलवर आणा, शटर १/१००, गेन ५० पासून सुरू करून हळूहळू वाढवा. प्रकाश मात्र चौपटीने कमी होणार. ती तूट गेनने भरायला गेलात तर चित्रात मुंग्या (दाणेदार ठिपके) येतील. गेटवर १५ वॅटचा एलईडी दिवा लावा, सेटिंगपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

व्हिडिओ स्टँडर्ड ५० हर्ट्‌झ आहे ना, तेही बघा. आपल्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, म्हणून १/५० किंवा १/१०० शटर चालतं. ६० हर्ट्‌झवर राहिलं तर १/१२० वगैरे पर्याय येतात आणि चित्रात पट्टे सरकतात.

उत्तर २: शटरबद्दल सहमत. नॉइज रिडक्शन ८० हेही तितकंच घातक आहे. ते मागच्या फ्रेम मिसळून चित्र गुळगुळीत करतं, त्यामुळे हलत्या माणसामागे सावलीची शेपटी उमटते. ४० वर आणा. रात्रीच्या प्रोफाइलमध्ये डब्ल्यूडीआर बंद करून एचएलसी (हेडलाइटसारखा झगझगीत उजेड दाबणारी सोय) चालू करा. दिवसाचं प्रोफाइल वेगळं ठेवा, तिथे डब्ल्यूडीआर हवाच.

आणि ती भिंत! कॅमेऱ्याचा आयआर (डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश) तिच्यावर आदळून परततो, ऑटो एक्स्पोजर त्या उजेडाला घाबरून उरलेलं सगळं काळं करतं. कॅमेरा थोडा उजवीकडे फिरवा, भिंत चौकटीबाहेर गेली पाहिजे. स्मार्ट आयआर (जवळच्या वस्तूवर आयआर आपोआप मंद करणारी सोय) असेल तर चालू करा.

प्रश्नकर्ता: १/१००, गेन ६०, नॉइज रिडक्शन ४० केलं, दिवाही लावला. चेहरे आता ओळखू येतात, धन्यवाद. पण नंबर प्लेट अजून पांढरीफटक.

उत्तर १: ती या कॅमेऱ्यात येणार नाही, हट्ट सोडा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना लागणाऱ्या उच्च सुरक्षा प्लेटचा पत्रा प्रकाश आला त्याच दिशेने परत फेकतो. प्लेट वाचायला शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान लागतं आणि त्या शटरला चेहरे काळे पडतात. प्लेटसाठी ८ ते १२ मिमी लेन्सचा आयआर कॅमेरा वेगळा, कमी उंचीवर, गाडीच्या दिशेशी ३० अंशांच्या आत लावा. गतिरोधकाजवळ नेम धरलात तर गाडी हळू असते.

उत्तर ३: आठवड्याला एकदा काचेसमोरचं कोळ्याचं जाळं काढा. आयआरमध्ये एक धागाही पांढऱ्या दोरासारखा चमकतो. आणि सेटिंग लाइव्ह चित्रावर ठरवू नका: कुणाला तरी गेटमधून नेहमीच्या चालीने चालायला सांगा, मग रेकॉर्डिंग थांबवून एकेक फ्रेम बघा.