व्ही-क्रॉसला लिफ्ट किट आणि मोठे टायर बसवावेत का?

कातळवाट (राजापूर):
नमस्कार. माझ्याकडे इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी) पिकअप गाडी असून तिला कंपनीचेच २५५/६० आर १८ मापाचे टायर आहेत. बागेकडे जाणाऱ्या वाटेवर जांभ्याचा एक उंच कंगोरा आहे आणि हौद्यात आंब्याचे क्रेट भरले की गाडीचा मधला भाग, विशेषतः बाजूची पायरी, तिथे घासते. हंगामात अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरलाही माल न्यावा लागतो. दोन इंचांची लिफ्ट (सस्पेन्शनमध्ये बदल करून गाडी उंच करणे) आणि थोडे मोठे टायर बसवावेत असा विचार आहे. सर्व मिळून एक लाख रुपयांच्या वर जाणे मला शक्य नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

सह्याद्री_४x४:
एक लाखाचा विचार सोडून द्या. स्वस्त किट घेण्यापेक्षा न घेतलेले बरे. माझ्या गाडीला ओल्ड मॅन एमू या ब्रँडचे पूर्ण सस्पेन्शन आहे, पुढे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर, मागे नवे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). त्यासोबत २६५/६५ आर १८ चे टायर बसवले आहेत. स्पितीपर्यंत जाऊन आलो, गाडीने एकदाही तक्रार केली नाही. एकदाच खर्च करा आणि निश्चिंत राहा.

पाटेवाला (कोल्हापूर):
वरील सल्ल्यात बजेटकडे तर दुर्लक्ष झालेच आहे, पण मालाचाही विचार झालेला नाही. या किटमधले मागचे पाटे हौद्यात कायम किती वजन असणार ते पाहून निवडायचे असतात. तीनशे किलोंसाठीचे पाटे घेतले तर आंब्याच्या हंगामात गाडी छान बसेल, पण उरलेले आठ-नऊ महिने रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्यात उडत राहील.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लिफ्टमुळे चासी आणि बॉडी वर जाते, मागच्या एक्सलचा गोळा (दोन चाकांमधला गिअरचा फुगीर भाग) आहे तिथेच राहतो. तो गोळा केवळ टायर मोठा केल्याने वर येतो, आणि तोही व्यासातल्या वाढीच्या निम्म्याने. २५५/६० आर १८ चा व्यास सुमारे ७६३ मिलिमीटर आणि २६५/६५ आर १८ चा सुमारे ८०२ मिलिमीटर भरतो, म्हणजे एवढा खर्च करून गोळ्याखाली मिळणारी जागा जेमतेम १९ मिलिमीटर. आपली गाडी नेमकी कुठे घासते हे खाली वाकून पाहिल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

चिखलवाट:
मड टेरेन (खास चिखलासाठीचे, खोल नक्षीचे) टायर घ्या. पावसाळ्यात लाल मातीत दुसरे काहीही चालत नाही.

घाटमाथा (पुणे):
मड टेरेनचा सल्ला मला पटत नाही. मालवाहू गाडी ओल्या डांबरावरून घाट उतरणार असेल तर ऑल टेरेनच (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे टायर) योग्य, कारण मड टेरेनच्या मोठ्या गट्ट्यांचा डांबराशी संपर्क कमी राहतो आणि ब्रेक लांबतो. शिवाय जांभ्याची धार टायरची बाजू कापते, तेव्हा नक्षीपेक्षा बाजूची भिंत किती मजबूत आहे ते पाहा.

चिखलवाट:
पुण्यात बसून लाल मातीबद्दल बोलणे सोपे आहे. माझ्या गावी एकदा येऊन पाहावे.

पर्थकर:
इथे पश्चिम ऑस्ट्रेलियात डी-मॅक्सला दोन इंचांची लिफ्ट ही अगदी नेहमीची गोष्ट आहे आणि सुटे भागही सहज मिळतात. बिनधास्त करा.

नियमपालन:
तिथले नियम इथे लागू होत नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतील तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झालाच तर विमा कंपनीच्या हाती आयतेच कारण मिळते. गाडी आहे तशीच ठेवा, इतकेच सांगेन.

सह्याद्री_४x४:
मला आजवर कोणीही अडवलेले नाही.

नियमपालन:
न अडवणे म्हणजे परवानगी नव्हे.

लोखंडी_चकती:
एक लाखात बसणारा मार्ग मी सांगतो. पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरच्या जोडीच्या) डोक्यावर २५ मिलिमीटरची चकती घातली की चाकापाशी साधारण ५० मिलिमीटर उंची मिळते, कारण स्ट्रट खालच्या आर्मवर (चाकाला चासीशी जोडणाऱ्या दांड्यावर) टोकापासून बराच आत बसलेला असतो. मागे पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालायचा. काम एका दिवसात होते.

पाटेवाला:
हा मार्ग माल वाहणाऱ्या माणसाला सुचवू नये. चकतीमुळे पुढचे आर्म कायम खाली झुकलेले राहतात, चाकाला खाली जायला जागा कमी उरते आणि सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचे सांधे) तिरक्या कोनात फिरत असल्याने त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. मागे ठोकळा घातला की जोर लावताना एक्सल पिळला जातो आणि पाट्यांना इंग्रजी एससारखा बाक येतो. माझ्या चुलतभावाच्या गाडीत असेच ठोकळे घातले होते. भरल्या गाडीने चढ घेताना पाटे एक्सलला आवळणारा यू-बोल्ट सैल झाला आणि एक्सल जागेवरून सरकला. सुदैवाने वेग कमी होता.

घाटमाथा:
टायर ५ टक्क्यांनी मोठा केला तर स्पीडोमीटर १०० दाखवत असताना प्रत्यक्ष वेग १०५ च्या घरात असतो, हेही कोणी सांगितलेले नाही. तेवढ्याच प्रमाणात गिअरचा जोर घटतो, म्हणजे चढावर ओढ कमी आणि उतारावर इंजिनाचा रोधही कमी. लिफ्ट केलीच तर व्हील अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोत नव्याने लावून घ्यावा लागेल.

सह्याद्री_४x४:
पुन्हा सांगतो, चांगले किट घ्या.

कातळवाट:
सर्वांचे मनापासून आभार. पाटेवाला यांच्या सूचनेप्रमाणे क्रेट भरून गाडी कंगोऱ्यावर उभी केली आणि खालून पाहिली. मागच्या एक्सलचा गोळा अडत नाही, अडते ती पायरी, आणि तीही एकाच बाजूची. वाटेचा तो तुकडा माझ्याच जमिनीतला असल्यामुळे मी असे ठरवले आहे की लिफ्ट करायची नाही आणि टायरचे मापही बदलायचे नाही. दोन्ही पायऱ्या काढून टाकणार, त्याच मापाचे ऑल टेरेन टायर घेणार आणि उरलेल्या रकमेत कंगोरा फोडून दोन्ही चाकोऱ्यांत चिऱ्याचे तुकडे व खडी दाबून घेणार. हे काम पावसाआधी उरकले तर पुढच्या हंगामात रिक्षा टेम्पोसुद्धा बागेपर्यंत येऊ शकेल, जे लिफ्ट करून झाले नसते.

चिखलवाट:
पहिल्याच पावसात खडी वाहून जाईल.

पाटेवाला:
कडेने पाण्याला चर काढून दिला तर टिकेल. टायर घेताना भार निर्देशांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा त्यावरचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नसल्याची खात्री करा, आणि पाचवा टायर स्टेपनीसाठी त्याच वेळी घ्या. फोर बाय फोरमध्ये एक टायर कमी-जास्त झिजलेला चालत नाही.