पवनचक्क्या पाऊस पळवतात? अफवेची लस आधीच टोचावी का?

तापीकाठ
जुलै लागला आणि काकांनी घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज टाकला. पृथ्वी सूर्यापासून ९ कोटींवरून १५.२ कोटी किलोमीटरवर जाणार, ऑगस्टपर्यंत थंडी पडणार, सर्दी-खोकला सांभाळा. इकडे जळगावात बनियन पिळावं लागतंय! मी आकडे टाकले: सूर्य सरासरी १५ कोटी किलोमीटरवरच असतो, जानेवारीत १४.७, जुलैत १५.२, सगळा फरक ३ टक्क्यांचा. (ते ९ कोटी बहुधा मैलांतून आलेत.) काकांचं उत्तर, जोडलेले हात. गेल्या वर्षीही हेच झालं होतं.

म्हणून मला वाटतं, मागाहून खोडण्यात दम नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅग्वायर यांनी १९६० च्या दशकातच लसीची कल्पना मांडली होती: खोट्या युक्तिवादाचा पातळ डोस आधी द्या, तो कसा फसवतो ते दाखवा, मग खरा हल्ला आला की माणूस तयार असतो. हवामानबदलावर २०१७ मध्ये सँडर व्हॅन डर लिंडेन आणि सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. 'हवामानबदल खोटा, ३१ हजार शास्त्रज्ञांच्या सह्या' असं एक निवेदन फिरत होतं. सह्या करणाऱ्यांत हवामानशास्त्राचे १ टक्काही नाहीत, हे ज्यांना आधी सांगितलं त्यांच्यावर निवेदनाचा परिणाम बराच कमी झाला.

धुळे जिल्ह्यात साक्रीकडच्या 'पवनचक्क्या ढग हाकलतात' या अफवेला हेच लावा. पाऊस ओढ देईपर्यंत थांबू नका, मे महिन्यातच ग्रामसभेत सांगा. पाती शे-सव्वाशे मीटरवर फिरतात, पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर. आणि साक्रीचा बराच भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. चक्की आली म्हणून पाऊस गेला नाही, उघडा वाऱ्याचा माळ होता म्हणून चक्की तिथे आली.

साक्रीकर
भाऊ, माळ आमचा आहे, म्हणून बोलतो. एजंट आला तेव्हा आप्पांनी तो सांगेल त्या भावात जमीन दिली. पुढे कळलं, बांधापलीकडच्याला दुप्पट मिळाले. टॉवरपर्यंत क्रेन न्यायला मुरमाचा रस्ता केला, त्यात नाला दबला. पाईप टाकले, तेही बोटभर. खालच्या दोन विहिरी तेव्हापासून दिवाळीलाच तळ दाखवतात. वीज गेली कुठे देवाला ठाऊक, आमच्याकडे भारनियमन होतंच.

आता पारावरचा म्हातारा म्हणतो, "चक्क्या उन्यात, पानी उना नही." (चक्क्या आल्या, पाऊस आला नाही.) तुम्ही त्याला ढगांची उंची सांगणार? त्याचं पाणी खरंच गेलंय! वाट चुकीची सांगतोय, चोरी खरी आहे. आधी नाला मोकळा करा, मग काय टोचायचं ते टोचा.

तापीकाठ
नाल्याचं पटलं. पण मग म्हाताऱ्याने रस्त्याविरुद्ध अर्ज करायला हवा, तो ढगांविरुद्ध करतोय. अफवेमुळे खरी तक्रारच हसण्यावारी जाते, हेही बघा ना.

आकडेमोड
दोघेही थांबा. लसीचं एवढं कौतुक नको. २०२३ मध्ये १२ देशांतल्या सुमारे ६,८०० लोकांवर अशा ६ लसी तपासल्या. खोट्या संदेशांचा परिणाम झाला, लसींनी जवळपास काहीच अडलं नाही. २०२४ मध्ये ६३ देशांत हवामानबदलाबद्दल लोकांचं मत-वागणं बदलायचे ११ उपाय तपासले. काहींनी लोकांचं मत फार तर दोन-अडीच टक्के हललं, पण झाडं लावली जावीत म्हणून करायच्या कंटाळवाण्या कामात एकाही उपायाने वाढ झाली नाही. प्रयोगशाळेतलं बियाणं शेतात उगवेलच असं नाही, हे खान्देशात तरी सांगावं लागू नये.

कांदेबाग_रावेर
आमच्याकडे अफवा वेगळीच. ऊन वाढलंय हे नाकारणारा एक माणूस रावेर-यावलात दाखवा! केळीच्या बागेला आडोसा म्हणून चारी बाजूंनी शेवरीची झाडं लावली तरी मे महिन्यात घड सटकतात. इथे भांडण थर्मामीटरशी आहे. फळपीक विम्यात उन्हाच्या नुकसानीचे पैसे हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतात, सलग ठरावीक दिवस पारा ठरावीक अंशांच्या वर गेला तरच. यंत्र अख्ख्या महसूल मंडळात एका जागी, माझी बाग तिथून ११ किलोमीटर. शेजारी म्हणतो, "यंत्र मुद्दाम निंबाच्या सावलीत ठेवलंय."

मी स्वतः जाऊन पाहिलं. सावलीत नव्हतं. पण परत येऊन सांगितल्यावर शेजाऱ्याने विचारलं, "तुला किती मिळाले?" आता यावर कुठली लस?

साक्रीकर
हेच म्हणतोय मी!

आठवी_ब
धरणगावकडे शिकवते. माझा अनुभव दोन्ही बाजूंनी धरा. मी मुलांना खोटा मेसेज ओळखायला नाही, बनवायला सांगितलं. मुलांनीच नियम काढले: नासाचं नाव, वेळ अगदी मिनिटापर्यंत, एखादा घरगुती उपाय, आणि शेवटी 'आपल्या माणसांना पाठवा'. तासभर वर्गात नुसता हशा. आठवड्याने काही मुलींनी घरी आलेला एक अस्सल खोटा मेसेज पकडूनही आणला. त्यामुळे आकडेमोड, उपयोग शून्य असं मी म्हणणार नाही.

पण एका पठ्ठ्याने आपला मेसेज फोनवर टाइप केला. "१४ तारखेला रात्री २ वाजून ४० मिनिटांनी तापीवरून उष्ण लहर जाणार, उशाशी कापलेला पांढरा कांदा ठेवा." गंमत म्हणून मामाला पाठवला. १४ तारखेला सकाळी आमच्याच गल्लीत तीन घरांच्या उकिरड्यावर कापलेले कांदे! मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं, ते वेगळंच.

आकडेमोड
बाई, हा प्रयोग छापा.

साक्रीकर
ताई, तो मेसेज आमना ग्रुपवर बी उना व्हता. आप्पांना मी खोटा आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, असेल खोटा, पण कांद्याला तरी कुठे भाव आहे, ठेव एक.