जर्मनीतल्या शाळेच्या कॉन्सर्टमध्ये चार मिनिटं मिळाली आहेत. भूप राग गाऊ का?

रंकाळावेस:
नमस्कार. मी कोल्हापूरची. सध्या एक्स्चेंज स्टुडंट म्हणून वर्षभरासाठी दक्षिण जर्मनीतल्या एका लहान गावात राहते आणि इथल्या शाळेत अकरावीला बसते. डिसेंबरात शाळेचा नाताळचा कॉन्सर्ट गावातल्या चर्चमध्ये होतो. कॉयर, ऑर्केस्ट्रा, ब्रास वाजवणारी मुलं, सगळे असतात. मी गाते हे संगीताच्या बाईंना कळलं आणि त्यांनी मला चार मिनिटं दिली.

इथं प्रत्येकाची समजूत आहे की मी बॉलिवूड डान्स करणार. होस्ट आईनं तसं मैत्रिणींना सांगूनही टाकलंय. घरी फोन केला तर आई म्हणाली, सिनेमातलं गाणं म्हण, लगेच आवडतं सगळ्यांना. गुरुजी म्हणाले, चार मिनिटांत षड्ज लागतो, राग नाही. त्यापेक्षा भजन म्हण. मला मात्र भूपच गायचाय. तोच सगळ्यात जास्त घोटून घेतलाय माझ्याकडून.

तबला नाही, पेटी नाही, तानपुरा फक्त फोनमध्ये. माझी पट्टी काळी चार, म्हणजे सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. बाई म्हणतात, ऑर्केस्ट्रातली काही मुलं साथ करतील, त्यांना लिहून दे. स्टाफ नोटेशन मला जेमतेम वाचता येतं. त्या मुलांना नेमकं काय सांगू? परदेशातल्या शाळेत असं कुणी गायलंय का?

शिवाजीपेठकर:
पोरी, आधी अभिनंदन. माझं मत विचारशील तर पोवाडा म्हण. कोल्हापूरची मुलगी तिकडं उभी राहते तेव्हा डफावर थाप पडली पाहिजे. ख्यालाला ऐकणारा तयार लागतो, पोवाड्याला लागत नाही. गणपतीत आमच्या तालमीपुढं शाहीर उभा राहिला की लहान पोरंसुद्धा गप बसतात. भाषा कळो न कळो, अंगावर काटा येणारच.

साठमारी:
काका, पोवाडा मलाही प्यारा आहे. पण शाहिरी गळा वेगळा तयार होतो, आणि मागं झील धरणारे, म्हणजे सुरात सूर मिसळणारे साथीदार लागतात. ही पोर ख्याल शिकलीय. तिनं ख्यालच गावा.

मी तुझ्याच वयाची असताना जर्मनीत एक्स्चेंजला होते आणि शाळेच्या कॉन्सर्टमध्ये गायले होते. आता इथं कोल्हापुरात मुलांना गाणं शिकवते. म्हणून जरा लांब लिहिते.

आधी चार मिनिटांचं. गुरुजींचा मान ठेवून सांगते, थोड्या वेळात राग मांडणं ही आपल्या गावच्या परंपरेला नवी गोष्ट नाही. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटंच मावायची, आणि त्या काळच्या गवयांनी तेवढ्यात राग उभा केला. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. साडेतीन मिनिटांची. तुला तर अर्धं मिनिट जास्त मिळालंय. गुरुजींना हे सांग, आणि चार मिनिटांची मांडणी त्यांच्याकडूनच बसवून घे. ते नाही म्हणणार नाहीत.

आता खरा मुद्दा, साथीचा. काळी चार सोड आणि अर्धा सूर खाली ये, पांढरी पाचवर. म्हणजे त्यांचा जी. हे का, ते बघ. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. जी ला सा धरलास की त्या होतात सा, प, रे, ध. चारही भूपाचे सूर! कॉन्ट्राबासच्या तारासुद्धा तेच चार. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी बाईंना वर्गाबाहेर गाठून सांगितलं होतं, इतका आनंद झाला होता. गंधार तेवढा कुणाच्याच मोकळ्या तारेत नाही, आणि भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, तोच. तो तुझ्या गळ्यातून पहिल्यांदा येऊ दे. कुणालाही आधी वाजवू देऊ नकोस.

चेलो वाजवणारं कुणी असेल तर त्याला जी आणि डी या दोन मोकळ्या तारा संथपणे, न थांबता ओढायला सांग. तोच तुझा तंबोरा. एकच जपायचं, चेलो आणि व्हायोलाची सगळ्यात जाड तार सी आहे, म्हणजे तुझा शुद्ध मध्यम. भूपात वर्ज्य. तिला हात लावायचा नाही हे स्पष्ट सांग, नाहीतर भरदार वाटतं म्हणून ती मुलं हौसेनं वाजवतात. आणि व्हायोलिनवाल्यांनी ई वर रेंगाळायचं नाही. धैवतावर मुक्काम वाढला की भूपाचा त्याच सुरांचा देशकार राग व्हायला लागतो, आणि श्रोत्यांना कळलं नाही तरी तुला कळेल. त्यांनी फक्त मुखड्यात, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्यात, तुझ्यामागून यावं.

पियानो घेऊ नकोस. त्याचा गंधार आपल्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, आणि लांब ठेहरावाला तो टोचतो.

लिहून देताना तीनताल म्हणजे चार-चार ठोक्यांचे चार बार. सम पहिल्या बारच्या पहिल्या ठोक्यावर. तुझी बंदिश खालीपासून उठत असेल, म्हणजे नवव्या मात्रेपासून, तर त्यांच्या हिशेबात ती तिसऱ्या बारला सुरू होते. हे समजावून सांगितलंस की ती मुलं सम चुकत नाहीत, मोजण्यात फार पक्की असतात. आणखी एक, गंधाराचं नाव तोंडी सांगताना जपून. जी ला सा धरला की गंधार येतो बी वर. आपण ज्याला बी म्हणतो त्याला जर्मन लोक एच म्हणतात, आणि त्यांचा बी म्हणजे बी फ्लॅट. तू बी म्हणालीस तर समोरून कोमल गंधार येईल.

गायचं काय, तर मिनिटभर आलाप, मग मध्यलयीतला छोटा ख्याल, स्थायी-अंतरा, थोडी बढत म्हणजे सुरांचा विस्तार, आणि मुखड्यावर येऊन थांब. द्रुत ताना नकोत. दगडी चर्चमध्ये सूर बराच वेळ घुमत राहतो, त्यात तानेचे दाणे एकमेकांत मिसळून जातात. पण एकच गंधार शांतपणे लावलास तर तोच घुमणारा आवाज तुझ्या मदतीला येतो.

जवारी:
मिरजेहून लिहितोय, घरात तंबोऱ्यांचंच काम. ताईंच्या म्हणण्याला एक जोड. फोनमधला तानपुरा आणि चेलो दोन्ही ठेवायचे असतील तर आधी विचारा की ऑर्केस्ट्रा ए किती हर्ट्झला लावतो. ४४० च असतो असं नाही, तिकडं ४४२ किंवा ४४३ ला लावणारेही बरेच आहेत. फोन ४४० वर आणि तारा ४४२ वर असतील तर दोन षड्जांत लहर उठते आणि गाणाऱ्याचा कान थकतो. चांगल्या अ‍ॅपमध्ये बारीक फरक करता येतो. मला विचाराल तर नुसता चेलोच ठेवा. आणि गार चर्चमध्ये बाहेरून आणलेलं वाद्य लगेच लावू नका. पेटीतून काढून थोडा वेळ तिथल्या हवेत राहू द्या, मग तारा जुळवा.

रंकाळावेस:
ताई, काका, दादा, सगळ्यांचे आभार. आज मधल्या सुट्टीत चेलो वाजवणाऱ्या मुलीला गाठलं. तिनं जी आणि डी ओढले, मी सा लावला. आम्ही दोघी तास सुरू झाल्याची घंटा होईपर्यंत थांबलोच नाही. पांढरी पाचला खालचा पंचमसुद्धा मोकळा लागतोय. गुरुजींना केसरबाईंचं सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, रविवारी व्हिडिओ कॉल कर, बंदिश मी निवडतो.

अजून दोन शंका. बसून गाऊ की उभं राहून? कॉयर उभं असतं. आणि तालमीत मी आलाप केला तेव्हा कुणाच्या चेहऱ्यावर काही हललंच नाही, जरा खचल्यासारखं झालं.

साठमारी:
बसूनच गा, शिकलीस तसंच. पण चर्चमध्ये सगळे खाली एका पातळीवर बसतात, जमिनीवर बसलीस तर तिसऱ्या रांगेला तू दिसणारच नाहीस. बाईंना पोडेस्ट, म्हणजे बसायला छोटा उंचवटा, मागून घे, आणि ते रंगीत तालमीच्या आधीच लागलं पाहिजे, कारण चेलोवाली तुझ्या नजरेच्या टप्प्यात हवी. वर जाड सतरंजी किंवा ब्लँकेट, पायात लोकरीचे मोजे. तिथल्या फरशीचा गारठा थेट आवाजात येतो. ब्रासच्या लगेच नंतर तुझा नंबर लागत असेल तर बदलून माग, मध्ये कॉयरचं काहीतरी असू दे.

चेहऱ्यांचं म्हणशील तर आपल्याकडं कोल्हापुरात देवल क्लबाच्या मैफलीत चांगली जागा घेतली की समोरून दाद येते, कुणीतरी हात उचलतं, आणि आपण त्या आधारावर पुढं जातो. तिकडं गाणं चालू असताना आवाज करणं उद्धटपणाचं मानतात. खोकलासुद्धा दाबून धरतात. ते ऐकत असतात, अगदी नीट. पुढच्या तालमींत चेलोवालीकडं तोंड करून गा, तिला दाद द्यायला शिकव. मुखड्यावर आलीस की तिनं मान हलवायची, एवढंच. कॉन्सर्टच्या दिवशी तुला तेवढं पुरतं.